पाण्यातील फटका

गोल्फ हा साहेबांचा खेळ, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. कलकत्त्यास १८२९ साली आणि मुंबईस १८४२ साली गोऱ्या अंमलदारांनी आपापले गोल्फ क्लब काढले. कुंपणाबाहेरच्या माणसाचा या खेळाशी संबंध आला तो बहुधा साहेबाच्या काठ्या वाहण्यापुरताच. तरीही ७ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे, ज्यांनी गोल्फची काठी कधी हाती धरली नव्हती अशी कितीतरी माणसे टोकियोतील ऑलिंपिक सामना पाहण्यासाठी जागी झाली होती. बंगळूरची अदिती अशोक हिचे पदक त्या दिवशी अवघ्या एका फटक्याने हुकले. खेळाचे नियम ठाऊक नसलेल्या लोकांनी एका मुलीच्या फटक्यासाठी श्वास रोखून धरावा, हा प्रकार दक्षिण कोरियात त्यापूर्वी तेवीस वर्षे घडून गेला होता. त्या मुलीचे नाव पाक से-री. आपल्या शाळांच्या हजेरीपटाप्रमाणे कोरियन माणूसही आडनाव आधी सांगतो. तेव्हा पाक हे आडनाव आणि से-री हे नाव.

तिची कथा सांगण्यापूर्वी तिच्या देशाची त्या काळची स्थिती सांगितली पाहिजे. १९९७ च्या नोव्हेंबरात कोरियाची परकीय गंगाजळी आटली आणि त्या स्वाभिमानी राष्ट्राला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभे राहावे लागले. मदत मिळाली ती ५० अब्ज डॉलरांहून मोठी, परंतु तिच्या अटीही तितक्याच जड होत्या. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, कर्ते पुरुष घरी बसले. १९९८ च्या आरंभी देशाचे ऋण फेडण्यासाठी घराघरांतून सोने गोळा करण्याची मोहीम निघाली, आणि सुमारे ३५ लाख लोकांनी लग्नाच्या अंगठ्या, मुलांच्या वाढदिवसाच्या अंगठ्या असे मिळून सुमारे २२७ टन सोने आणून दिले. त्याचे मोल पुढे देशी चलनात मिळावयाचे होते हे खरे. पण बोटातली अंगठी काढताना मनास जे वाटते त्याचे मोल कोण देणार? इच्छापोरला आमच्या शेजारीच हिरे-दागिन्यांच्या उद्योगाची वसाहत आहे. सोने घरात येते कसे आणि घरातून जाते केव्हा, हे येथल्या माणसास समजावून सांगावे लागत नाही. १९६२ साली आपल्या आयाबहिणींनी संरक्षण निधीसाठी काढून दिलेल्या बांगड्या ज्यांना आठवतात, त्यांनाही ते कळेल.

से-रीचा जन्म २८ सप्टेंबर १९७७ चा, देजॉन शहरातला. शाळेत ती धावत असे, गोळा फेकत असे. गोल्फकडे तिला वळविले ते वडिलांनी, पाक जून-चोल यांनी. त्यांची शिस्त कठोर होती. उंच इमारतीचे जिने मुलीला चढावयास लावीत, चढून झाले की उलट्या पावलांनी उतरावयास लावीत. मन निर्भय व्हावे म्हणून त्यांनी तिला रात्री दफनभूमीत नेऊन ठेवले, अशीही एक कथा वृत्तपत्रांनी पुढे जगभर नेली. अशा कथा सांगता सांगता फुगत जातात, म्हणून तिच्यावर मी फार भार देत नाही. परंतु ती कथा कौतुकाने सांगितली गेली, हे मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मुलीने काय सोसले यापेक्षा बापाने काय घडविले, याचेच त्या काळी सर्वांस अप्रूप होते.

१९९२ साली, हौशी खेळाडू असतानाच, तिने व्यावसायिक स्त्रियांची एक स्पर्धा जिंकली. १९९६ साली ती स्वतः व्यावसायिक झाली आणि सॅमसंग कंपनीच्या आश्रयाने अमेरिकेस गेली. तेथे जिंकणारी ती पहिली कोरियन स्त्री नव्हे. तो मान कू ओक-ही हिचा. तिने १९८८ सालीच अमेरिकेतील एक स्पर्धा जिंकली होती. परंतु त्या वर्षी सोल शहरी ऑलिंपिक भरले होते, आणि त्या धामधुमीत कू ओक-हीच्या विजयाकडे लक्ष देण्यास देशाला सवड झाली नाही. इतिहासात पहिले येणे पुरत नाही, वेळेवरही यावे लागते.

से-री वेळेवर आली. १९९८ हे तिचे अमेरिकेतील पहिलेच वर्ष. मे महिन्यात तिने एक प्रमुख स्पर्धा जिंकली आणि जुलैमध्ये ती विस्कॉन्सिन राज्यातील ब्लॅकवुल्फ रन या मैदानावर अमेरिकन महिला ओपन खेळावयास उतरली. गोल्फमध्ये अठरा खड्डे असतात आणि चेंडू कमीत कमी फटक्यांत त्यांत घालावयाचा असतो. चार दिवसांत बहात्तर खड्डे झाले, तेव्हा से-री आणि जेनी चुआसिरिपॉर्न या दोघी २९० फटक्यांवर बरोबरीत होत्या. जेनी ही थायी आईबापांची अमेरिकन मुलगी, महाविद्यालयात शिकणारी, से-रीच्याच वयाची. शेवटच्या खड्ड्यावर सुमारे चाळीस फुटांवरून चेंडू आत घालून तिने बरोबरी साधली होती. नियमाप्रमाणे सोमवारी, ६ जुलै रोजी, दोघींना पुन्हा अठरा खड्डे खेळावे लागले.

अठराव्या खड्ड्याशी दोघी आल्या त्या बरोबरीनेच. तेथे से-रीचा पहिला फटका डावीकडे वाहवला आणि चेंडू तळ्याच्या उतारावर, पाण्याच्या अगदी काठाशी गवतात जाऊन पडला. दंडाचा एक फटका पत्करून चेंडू सोयीच्या जागी आणण्याची मुभा तिला होती. ती बराच वेळ खाली वाकून पाहत राहिली. मग तिने बूट काढले, मोजे काढले, आणि ती पाण्यात उतरली. त्या क्षणाचे चित्र ज्यांनी पाहिले त्यांना एक गोष्ट विसरता येत नाही: पोटऱ्या उन्हाने काळवंडलेल्या, आणि घोट्याखाली पावले पांढरीफटक. किती दिवस, किती तास ती मुलगी उन्हात उभी होती, याचा हिशेब तिच्या कातडीवरच लिहिलेला होता. चेंडू तिने पाण्याच्या काठावरून उचलून वर गवतात टाकला. फटका देखणा नव्हता. पण त्याने ती सामन्यात टिकली. अठरा खड्डे संपले तेव्हा दोघींचे फटके ७३-७३. पुढे पहिला ज्याने खड्डा जिंकला त्याचा सामना, आणि दुसऱ्या जादा खड्ड्यावर, म्हणजे एकूण ब्याण्णवाव्या खड्ड्यावर, से-रीने सुमारे अठरा फुटांवरून चेंडू आत घातला. विस्कॉन्सिनला दिवस होता. कोरियात मंगळवारची पहाट.

वीस वर्षांच्या मुलीचा तो विजय तिचा एकटीचा राहिला नाही. पाण्यातील त्या फटक्याचे चित्र राष्ट्राच्या जिद्दीचे चित्र म्हणून दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखविण्यात आले. लगेचच्या आठवड्यात तिने आणखी एक स्पर्धा जिंकली, तीत एका दिवशी अवघे ६१ फटके. वर्षअखेर चार विजेतेपदे झाली. शरद ऋतूत ती मायदेशी परतली तेव्हा सत्कार, मिरवणुका, भेटीगाठी यांचा असा मारा झाला की दमणुकीने कोसळून तिला रुग्णालयात दाखल व्हावे लागले. कॅमेरे तेथेही पोहोचले. ज्या लोकांनी देशासाठी अंगठ्या काढून दिल्या होत्या, त्यांना या मुलीनेही विश्रांती काढून द्यावी, यात काही वावगे वाटले नसावे. आणि जेनी? तिने काही काळ व्यावसायिक गोल्फ खेळून पाहिले, जमले नाही. मग ती शिकून परिचारिका झाली. मला या दोघींच्या वाटा एकमेकींशेजारी ठेवून पाहावयास आवडते.

से-रीची पुढील कारकीर्द आकड्यांत सांगता येईल. अमेरिकन दौऱ्यावर २५ विजेतेपदे, त्यांत प्रमुख स्पर्धा ५. २००३ साली ती कोरियात पुरुषांच्या स्पर्धेत खेळली आणि दहावी आली. २००७ साली जागतिक गोल्फच्या सन्मान-दालनात तिचे नाव गेले, ते कोरियातील पहिलेच. मध्यंतरी, २००५ च्या सुमारास, तिचा खेळ पार ढासळला होता. विश्रांती कशी घ्यावी हे आपण शिकलोच नाही, असे तिने पुढे बोलून दाखविले. परंतु २००६ साली तिने पुन्हा एक प्रमुख स्पर्धा जिंकून दाखविली. आणि माझ्या मते १९९८ पेक्षा हा विजय मोठा, कारण या वेळी कोणते राष्ट्र बुडत नव्हते.

१९९८ ची ती पहाट कोरियातील अनेक लहान मुलींनी पाहिली होती. नऊ वर्षांची पार्क इन-बी ही त्यांतलीच. काही दिवसांतच तिने काठी हाती घेतली आणि पुढे सात प्रमुख स्पर्धा जिंकल्या. २००८ पर्यंत अमेरिकन दौऱ्यावर ४५ कोरियन स्त्रिया खेळत होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दौऱ्याच्या चालकांनी फर्मान काढले, की ज्या खेळाडूला इंग्रजी बोलता येणार नाही तिला निलंबित करण्यात येईल. चेंडूला कोणती भाषा कळते हे त्यांनी सांगितले नाही. ओरड झाली आणि सप्टेंबरातच तो विचार सोडून द्यावा लागला. २०१२ साली ब्लॅकवुल्फ रनवरच पुन्हा अमेरिकन ओपन झाली आणि जिंकली ती चोई ना-योन, से-रीला पाहून खेळू लागलेल्या मुलींपैकीच एक. २०१६ साली रिओ येथे से-री कोरियन संघाची मार्गदर्शक होती. सुवर्णपदक इन-बीला मिळाले. त्याच ऑक्टोबरात इंचॉन येथे शेवटची फेरी खेळून से-रीने निरोप घेतला.

तिच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेने २०२३ साली पोलिसांकडे एक तक्रार केली. संस्थेचा खोटा शिक्का करवून कागदपत्रांवर उमटविल्याची ती तक्रार होती, आणि ती होती पाक जून-चोल यांच्याविरुद्ध. १८ जून २०२४ रोजी से-री सोल येथे वार्ताहरांपुढे बसली. वडिलांची कर्जे आपण वर्षानुवर्षे फेडीत आलो, एक फेडले की दुसरे पुढे येई. यापुढे ती जबाबदारी आपण घेणार नाही, असे तिने सांगितले. वडिलांना आणि तिला बरीच वर्षे ओळखणाऱ्या एका वार्ताहराने विचारले, की गोष्ट इथवर येण्याआधी थांबविता आली नसती काय. ब्याण्णव खड्डे न डगमगता खेळलेल्या त्या बाईला बराच वेळ उत्तर देता आले नाही.