पेवांची सांगली

'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण येताजाता वापरतो. क्लासेसचं पेव फुटलं, वाहिन्यांचं पेव फुटलं. पण पेव म्हणजे काय, असं शहरातल्या दहा जणांना विचारून पाहा, नऊ जण मुंग्यांच्या वारुळाकडे बोट दाखवतील. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं कोठार. तोंड लहान, पोट मोठं, जणू एखादा रांजण गळ्यापर्यंत पुरून ठेवलाय. एके काळी गावोगाव धान्याची पेवं होती. ती गेली, शब्द तेवढा मागे राहिला. महाराष्ट्रातलं एक शहर मात्र अगदी विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत पेवांच्या जिवावर व्यापार करत होतं. ते शहर म्हणजे कृष्णाकाठची सांगली.

सहा गल्ल्यांचं गाव म्हणून सांगली, अशी या नावाची एक कथा लोक सांगतात. खरी असो वा नसो, गाव लहान होतं एवढं नक्की. मोठी होती ती शेजारची मिरज. पटवर्धनांची जहागीर मिरजेला होती. चिंतामणराव आप्पासाहेबांचं आपल्या काकांशी, गंगाधररावांशी पटेना. वाटणी झाली आणि १८०१ साली आप्पासाहेबांनी सांगलीला राजधानी केली. भाऊबंदकीनं महाराष्ट्राचं वाटोळं केलं असं आपण नेहमी ऐकतो. सांगली हे त्याच भाऊबंदकीचं गोड फळ. आप्पासाहेबांनी गणेशदुर्ग बांधला, नदीकाठी गणपतीचं देऊळ उभारायला घेतलं, पेठा वसवल्या. त्यांच्याच आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगवलं आणि मराठी रंगभूमीचा जन्म झाला. ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण नाटकाला राजाश्रय लागतो तसा तिकीट काढणारा प्रेक्षकही लागतो, आणि त्याच्या खिशात पैसा कुठून येतो हे नाटकाच्या इतिहासात कुणी लिहीत नाही. सांगलीत तो आला गुळातून आणि हळदीतून. शहरातल्या एका मोठ्या वस्तीचं नावच मुळी वखारभाग आहे.

आता गंमत अशी की, 'सांगलीची हळद' म्हणून देशभर जी गेली, ती सगळी सांगलीत पिकलेली नव्हे. कृष्णाकाठाला हळद होते आणि चांगली होते. जवळच्या कसबे डिग्रजला हळद संशोधन केंद्रही आहे. पण बाजारात येणारा माल बेळगावकडून, निजामाबादकडून आणि अलीकडे हिंगोली-नांदेडकडून येत राहिला. राजापुरी हळदीचा भाव मात्र बोलला जायचा सांगलीत. बाजारात मराठीच्या बरोबरीनं कानडी चालते, आमची दखनीही चालते. आपण हळद म्हणतो, कर्नाटकातला शेतकरी अरिशिन म्हणतो. वजन एकच भरतं. पिकवणारा एकीकडे नि भाव ठरवणारा दुसरीकडे, हे कसं जमलं? उत्तर हरिपूरला मिळतं.

त्याआधी हळदीविषयी दोन शब्द. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी, संक्रांतीनंतर निघते. जमिनीतून निघालेला ओला कंद थेट विकत नाहीत. तो शिजवायचा, उन्हात वाळवायचा, मग घासून पॉलिश करायचा. तेव्हा कुठे त्याचं हळकुंड होतं. जेठा गड्डा वेगळा, बगल गड्डा वेगळा, हळकुंड वेगळं, कणी वेगळी. प्रत्येकाचा भाव निराळा. या शिजवण्या-घासण्यानं एकदा मोठा घोळ झाला. २०२१ मध्ये जीएसटीच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणानं सांगलीच्या बाजारातल्या एका प्रकरणात सांगितलं की, अशी हळद हा शेतमालच नव्हे! पुढे अपिलात तो निर्णय फिरला आणि हळद पुन्हा शेतात आली. नऊ महिने चिखलात राबलेल्या माणसाला हे सारं वाचून काय वाटलं असेल?

तर हरिपूर. सांगलीपासून चालत जाण्याइतकं जवळ. इथे वारणा कृष्णेला मिळते आणि संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. 'संगीत शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. हळदीच्या गावात जन्मलेल्या माणसानं, अंगाला हळद लावून घ्यायला निघालेल्या म्हाताऱ्याची फजिती रंगभूमीवर आणावी, हाही योगच. पण व्यापाऱ्यांना हरिपूर प्रिय होतं ते तिथल्या मातीसाठी. ती माती अशी घट्ट की, खोल खणलं तरी भिंत ढासळत नाही आणि ओल आत झिरपत नाही. तिथे पंचवीस-तीस फूट खोल पेवं खणली गेली. एकदोन नव्हेत, हजारो. तळाला नि कडेनं पाला-पाचोळा लावायचा, चटया लावायच्या, शेकडो पोत्यांची हळद आत ओतायची आणि तोंड मातीनं बंद करून टाकायचं. आत हवा उरत नाही, त्यामुळे कीड जगत नाही. हळद वर्षानुवर्षं टिकते, उलट तिचा रंग अधिक खुलतो असं व्यापारी सांगत.

पेव उघडणं हे मात्र जोखमीचं काम. झाकण काढून काही तास ते तसंच मोकळं ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर आत उतरायचं नाही. विझला नाही, तर कमरेला दोर बांधून हमाल खाली जायचा. हळदीच्या इतिहासात राजांची नावं येतात, व्यापाऱ्यांची येतात. त्या कंदिलाच्या मागोमाग उतरणाऱ्या माणसाचं नाव कुठेच येत नाही.

मी मढला राहतो. इथे बोंबील बांबूंवर वाळतात, पण ताजी मासळी थांबत नाही. होडी किनाऱ्याला लागली की तिचा भाव तासागणिक उतरतो, आणि कोळीण घासाघीस करते ती घड्याळाशी. शेतमालाचं पुष्कळसं असंच असतं. सांगलीचं मोठेपण असं की तिथे माल थांबू शकत होता. यंदा भाव पडला तर पुढल्या वर्षी, नाही तर त्याच्या पुढल्या. बाजार त्याच्याकडे जातो ज्याला घाई नसते. हळदीचा वायदेबाजार याच शहरात भरला, त्याचं मूळ मला या मातीत दिसतं. पण थांबत कोण होतं? ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, पोरीचं लग्न आहे, तो शेतकरी निघाली हळद की विकून मोकळा होई. थांबणं परवडायचं ते बहुधा व्यापाऱ्याला. 'पी हळद नि हो गोरी' ही म्हण उतावळ्या माणसासाठी आहे खरी, पण उतावीळ होण्याची पाळी गरिबावरच येते, हे ती सांगत नाही.

ही पाळी टळावी म्हणून या जिल्ह्यात दुसरा एक मार्ग काढला गेला. १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून खांद्यावर गोळी झेललेले वसंतदादा पाटील स्वातंत्र्यानंतर उसाकडे वळले आणि त्यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. ऊस थांबत नाही, म्हणून कारखानाच शेतकऱ्याचा हवा, हे त्यामागचं गणित. पुढे तोही कर्जात बुडून भाड्यानं गेला, ती कहाणी निराळी. तासगावकडे द्राक्षं आली. तिथल्या एका जातीचं नाव 'तास-ए-गणेश'. त्यातला 'ए' आर्वे नावाच्या बागायतदारांचा, असं जाणकार सांगतात. मला मात्र त्यात 'दीवान-ए-खास'मधला 'ए' ऐकू येतो, आणि तासगावचा गणपती फारसी व्याकरणात इतका सहज बसलेला पाहून बरं वाटतं. द्राक्षालाही थांबायला शिकवलं गेलं. त्याचा बेदाणा झाला. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

मुंबईकर २६ जुलै २००५ विसरत नाही. त्याच पावसात कृष्णा आणि वारणा फुगल्या आणि हरिपूरच्या शिवारात पाणी चढलं. वरून ओल झिरपू न देणारी माती चहूबाजूंनी वेढलेल्या पुरापुढे टिकली नाही. पेवांमध्ये पाणी शिरलं, आतली हळद कुजली. मोठं नुकसान झालं, त्याहून मोठा गेला तो विश्वास. त्यानंतर व्यापाऱ्यांनी गोदामं आणि शीतगृहं धरली, पेवं एकामागून एक बुजली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, शहराच्या पेठा बुडाल्या. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. ज्या नदीमुळे आप्पासाहेबांनी ही जागा निवडली, त्याच नदीची पातळी आता पावसाळ्यात सांगलीकर तासातासाला विचारतात.

गोदामात हळद टिकते, नाही असं नाही. पण पेवाला वीज लागत नव्हती, शीतगृहाला लागते, आणि तिचं बिल हळदीच्या भावात बसतं. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तिच्या वेगळेपणात केशरी रंगाबरोबर पेवातली साठवणही सांगितली जात होती. हरिपूरची बहुतेक पेवं तोवर मातीनं भरलेली होती. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीलाही मानांकन मिळालं. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं, त्याचं मुख्यालय निजामाबादला. हिंगोलीचा शेतकरी आजही ट्रक भरून सांगलीला येतो, पण वाटेत त्याला वसमतचा बाजार लागतो, हिंगोलीचा लागतो, आणि तिथला भाव त्याला घरबसल्या मोबाइलवर कळलेला असतो.