नुसता हात

परिचर्येची जुनी पाठ्यपुस्तके चाळताना एक कर्तव्य मला वारंवार भेटते: रात्री दिवे मालवण्यापूर्वी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पाठ चोळून देणे. पुढे यंत्रे आणि कागदपत्रे वाढली, ही रीत मागे पडली. कर्करुग्णाला तर मालिश वर्ज्यच. चोळल्याने रोग पसरेल, ही धास्ती मालिश शिकवणाऱ्यांनाही होती.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधील कॅसिलेथ आणि व्हिकर्स यांनी तीन वर्षांतल्या १,२९० रुग्णांच्या नोंदी २००४ साली प्रसिद्ध केल्या. मालिशनंतर वेदना, थकवा, चिंता यांची तीव्रता सुमारे निम्म्याने उतरली होती. (गाठीवर दाब द्यायचा नाही, हे पथ्य आजही आहेच.) पण तुलनेला दुसरा गट नव्हता.

तो २००८च्या अमेरिकी अभ्यासात आला. बळावलेल्या कर्करोगाचे ३८० रुग्ण; काहींना मालिश, काहींच्या अंगावर नुसते हात ठेवणे. तत्काळ आराम मालिशने अधिक पडला; टिकाऊ फरक मात्र दिसला नाही. मला त्यातला दुसरा गट अधिक खुणावतो. तो केवळ तुलनेपुरता नेमलेला, तरी त्यालाही बरे वाटले. हात ठेवणारे मालिश शिकलेले नव्हते. मानेशी, खांद्यांवर, पोटऱ्यांवर ते तीन-तीन मिनिटे हात ठेवत, एवढेच.