लोपेरामाइड : जुलाब थांबवणारी गोळी कधी घ्यावी, कधी नाही

करमाळ्यात उन्हाळ्यात टँकरचं पाणी सुरू झालं किंवा पहिल्या पावसात नळाला गढूळ पाणी आलं, की घरोघरी जुलाब म्हणजेच दस्त सुरू होतात. मग मेडिकलमध्ये जाऊन "बंद व्हायची गोळी द्या" असं मागितलं जातं. ही गोळी अनेकदा लोपेरामाइड असते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

हे औषध 1969 मध्ये बेल्जियमच्या यान्सेन कंपनीत तयार झालं. ते अफूच्या जातीतलं आहे, पण योग्य डोसमध्ये मेंदूपर्यंत पोहोचत नाही, म्हणून नशा येत नाही. ते आतड्याची हालचाल मंद करतं, त्यामुळे पाणी शोषायला वेळ मिळतो. जंतू मात्र मरत नाहीत. म्हणूनच ताप असेल, शौचातून रक्त किंवा आव पडत असेल, तर ही गोळी घेऊ नये. घाण आतच अडकून राहते.

मोठ्या माणसांना साधारणपणे आधी 4 मिलिग्रॅम, म्हणजे 2 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, आणि नंतर प्रत्येक पातळ शौचानंतर एक देतात. दिवसभरात 16 मिलिग्रॅमच्या वर कधीच नाही. जास्त डोसने हृदयाचे ठोके बिघडतात; 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशारा दिला होता. दोन दिवसांत फरक पडला नाही किंवा पोट फुगलं, तर गोळी बंद करून दवाखान्यात जा. गरोदर बायका आणि लिव्हरचा त्रास असलेल्यांनी आधी विचारावं.

आता लेकरांचं. "अर्धी गोळी चुरून दे" असं घरातली मोठी माणसं मायेनं सांगतात, पण ऐकू नका. 1990 च्या सुमारास पाकिस्तानात या औषधाचे थेंब दिल्यावर तान्ह्या बाळांची आतडी बंद पडून मृत्यू झाले आणि कंपनीला थेंब मागे घ्यावे लागले. दोन वर्षांखालच्या मुलाला हे औषध अजिबात द्यायचं नाही. त्यापेक्षा मोठ्या मुलांनाही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

लेकरू दगावतं ते अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यामुळे, आणि ते गोळीने भरून निघत नाही. त्यासाठी ओआरएस. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना हेच पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपासवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला आणि 24 तासांत संपवा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. खोक्यातलं गोड सरबत म्हणजे ओआरएस नव्हे. सहा महिन्यांवरच्या मुलाला सोबत झिंक 20 मिलिग्रॅम, 14 दिवस. अंगावरचं दूध चालूच ठेवा.

डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, लघवी होत नाही, लेकरू सुस्त पडलं, तर 108 ला फोन करा किंवा सरळ सरकारी दवाखाना गाठा. रमजानमध्येही हेच. दस्त लागलेल्या आजाऱ्याला रोजा सोडायची सवलत आहे, कजा नंतर करता येतो. इफ्तारची वाट पाहत ओआरएस लांबवू नका.