पदवीने रोजगारक्षमता किती वाढली, हे मोजतात कसे?

रोजगारक्षमता म्हणजे हाती असलेली नोकरी नव्हे. काम मिळवण्याची, ते टिकवण्याची आणि वेळ आली तर दुसरे काम शिकून घेण्याची तयारी, असा तिचा अर्थ. विषयाचे ज्ञान त्यात येतेच. शिवाय म्हणणे नीट मांडणे, चौघांबरोबर काम करणे, अडचणीचे मूळ शोधणे, संगणक आणि हिशेब सफाईने हाताळणे हेही येते. तीन-चार वर्षांच्या पदवीने यात किती भर घातली, याचे उत्तर मोजणारा कोणती पट्टी वापरतो यावर अवलंबून असते.

सर्वांत परिचित पट्टी प्लेसमेंटची. महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारावरील फलक तेच सांगतात. नॅकच्या मूल्यांकनात नोकरीला लागलेले, पुढील शिक्षणाला गेलेले आणि स्पर्धा परीक्षांत पात्र ठरलेले विद्यार्थी मोजले जातात; एनआयआरएफ क्रमवारीत वेतनाचा मध्यांकही पाहिला जातो. पण हे आकडे कौशल्याइतकेच बाजारपेठेचेही असतात. अकोल्यात दालमिल आणि जिनिंग आहे, अमरावतीजवळ नांदगाव पेठला वस्त्रोद्योग आहे; तरी दरवर्षी बाहेर पडणाऱ्या पदवीधरांना पुरतील इतक्या जागा आसपास नाहीत. दर्यापूरची एखादी मुलगी घरच्या अडचणीमुळे पुण्याला जाऊ शकली नाही, तर ती ‘नोकरी न मिळालेली’ म्हणून नोंदली जाते. तिच्या अभ्यासक्रमाने तिला काय दिले, हे त्या नोंदीत कुठेच नसते. अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करणाऱ्यांची गतही निकाल लागेपर्यंत तीच.

अभियांत्रिकीत दुसरी पद्धत रुळली आहे. जून 2014 मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि एनबीएच्या मानांकनासाठी ‘निष्पत्ती’ मोजणे अटळ झाले. समस्येचे विश्लेषण, संघकार्य, संवाद, व्यावसायिक नीती अशा निष्पत्तींची यादी असते. पूर्वी त्या 12 होत्या, सुधारित आराखड्यात 11 आहेत. प्रत्येक विषय कोणत्या निष्पत्तीला किती हातभार लावतो, हे 1, 2 किंवा 3 या अंकांनी दाखवायचे. समजा, वर्गात 60 विद्यार्थी आहेत आणि 42 जणांना 60 टक्क्यांहून जास्त गुण मिळाले. म्हणजे 70 टक्के विद्यार्थ्यांनी लक्ष्य गाठले. विभागाच्या पट्टीनुसार ही पातळी 3 धरली. विषयाचा संवादकौशल्याशी संबंध 2 इतका मानला असेल, तर 3 ला 2 ने गुणून 3 ने भागायचे. संवादाची निष्पत्ती आली 2.

गणित चोख आहे. मात्र प्रश्नपत्रिका काढणारे, लक्ष्य ठरवणारे आणि बव्हंशी गुण देणारेही त्याच व्यवस्थेतले असतात. लेखी उत्तरपत्रिकेतून संवादकौशल्य कसे कळले, हा प्रश्न तक्ता विचारत नाही. तक्ते भरण्यात प्राध्यापकांचे जे तास जातात, ते वेगळेच.

खरी अडचण आरंभबिंदूची आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ 1983 साली नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. शहरातल्या इंग्रजी शाळेतून आलेला विद्यार्थी आणि मेळघाटातला, घरी कोरकू बोलणारा विद्यार्थी एकाच परीक्षेला बसतात. शेवटी पहिला पुढे दिसला, तरी भर कोणाच्या कौशल्यात जास्त पडली हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी प्रवेशाच्या वेळी आणि पदवीच्या शेवटी तुलना करता येईल अशी चाचणी हवी.

अशा चाचण्या झाल्या आहेत. 2011 साली अमेरिकेत रिचर्ड अरम आणि जोसिपा रोक्सा यांनी दाखवले, की पहिल्या दोन वर्षांत सुमारे 45 टक्के विद्यार्थ्यांच्या विचारकौशल्यात लक्षणीय वाढ झाली नव्हती. 2021 साली ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये आलेल्या अभ्यासात भारत, चीन, रशिया आणि अमेरिका या देशांतील संगणक व विद्युत अभियांत्रिकीचे विद्यार्थी तपासले गेले. भारतीय विद्यार्थ्यांचे विषयज्ञान पहिल्या दोन वर्षांत वाढले. चिकित्सक विचारात मात्र चार वर्षांत वाढ दिसली नाही. प्लेसमेंटच्या फलकावरून हे कधीच कळले नसते. अर्थात या चाचणीलाही मर्यादा आहे: गुणांशी संबंध नसेल, तर विद्यार्थी ती मन लावून सोडवतीलच असे नाही.

प्रत्यक्ष कामातून मोजण्याचा एक जुना मार्ग अकोल्यातच आहे. 1969 साली स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या बी.एस्सी. कृषी अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो. कृषिदूत आणि कृषिकन्या गावात जातात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यायचा ते सांगतात. समोर वीस वर्षे कपाशी पेरणारा शेतकरी बसलेला असतो. त्याला न पटणारे उत्तर तिथेच उघडे पडते. संवाद तपासायला याहून चांगली जागा सापडणे कठीण. पण गुण देताना भर अहवालावर आणि तोंडी परीक्षेवर राहिला, तर शेतकऱ्यासमोर घडलेले नोंदीबाहेरच राहते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या इतर पदवी अभ्यासक्रमांतही कार्यप्रशिक्षणाला 4 श्रेयांक आले आहेत. कला शाखेचा विद्यार्थी आता बँकेत, दुकानात किंवा एखाद्या संस्थेत काही आठवडे काम करू शकतो. तिथल्या वरिष्ठाने हजेरीच्या प्रमाणपत्रावर सही केली, तर विद्यापीठाला फक्त दिवस कळतात. पहिल्या आठवड्यात कोणते काम सांगून करावे लागले आणि शेवटच्या आठवड्यात कोणते न सांगता झाले, एवढ्या दोन नोंदी त्याने लिहिल्या, तर भर मोजता येते.