वऱ्हाडचें ताट आणि त्वचेची परीक्षा

अमरावती-अकोल्याकडील जेवण डाळीवांचून पुरें होत नाहीं. ज्वारीची भाकरी आणि तुरीचें वरण हें नित्याचें. पाहुणे आले कीं पाटवडीचा रस्सा, घाईच्या वेळीं झुणका, आणि रोडग्यांच्या पंगतींतहि वरण हवेंच. काळ्या जमिनींत कापूस व ज्वारी यांच्या ओळींमधून तूर पेरण्याची रीत तिकडे जुनी आहे. जें शेतांत तेंच ताटांत. अशा ताटांतील एखादी डाळ कोणा प्रौढ माणसाला सोसेनाशी झाली, ओठ सुजूं लागले, अंगावर पित्त उठूं लागलें, तर दोष कोणत्या पदार्थाचा हें ठरवावयाचें कसें? घरांतील वडील मंडळी अंगाला आमसुलाचें पाणी लावीत. त्यानें खाज शमत असेल; पण गुन्हेगार मात्र सांपडत नसे.

त्याचा माग प्रथम लागला तो अन्नावरून नव्हे, गवतावरून. मँचेस्टरचे डॉ. चार्ल्स ब्लॅकली हे स्वतःच दर उन्हाळ्यांत शिंकांनीं हैराण होत. त्यांनीं आपल्या हाताची कातडी खरवडून तीवर गवताचे पराग ठेवले, तों तेथें गांध उठली. १८७३ सालीं त्यांनीं हें ग्रंथरूपानें मांडलें. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनीं त्यानंतर, १९०६ सालीं, घडविला. १९१२ सालीं न्यू यॉर्कच्या डॉ. श्लॉस यांनीं अंडें, बदाम व ओट न सोसणाऱ्या एका मुलावर हीच युक्ति अन्नासाठीं वापरली.

सर्वांत धाडसी प्रयोग १९२१ चा. क्यूस्टनर या डॉक्टरांना मासे बाधत. त्यांचें रक्तजल प्राउस्निट्झ यांनीं आपल्या पोटाच्या कातडींत टोचून घेतलें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं माशाचा अर्क टोचला. गांध उठली! दोष रक्तांत वाहतो हें सिद्ध झालें. तो वाहणारा पदार्थ, म्हणजे आयजीई, हातीं लागण्यास मात्र १९६६-६७ साल उजाडावें लागलें.

आज हातावर अर्काचा थेंब ठेवून सुईनें किंचित् टोचतात व पंधरा-वीस मिनिटांनीं गांध मोजतात. साधा द्राव टोचलेल्या जागेपेक्षां ती तीन मिलिमीटरनें मोठी भरली, तर परीक्षा सकारात्मक. परंतु खरी फसगत येथेंच होते. गांध उठली म्हणजे तें अन्न बाधतेंच असें नव्हे. कर्नाटकांतील प्रौढांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाले; त्यांत शेंकडा २६.५ जणांच्या रक्तांत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई आढळलें, पण अन्नाची अ‍ॅलर्जी संभवनीय ठरली ती शेंकडा १.२ जणांत. केवळ गांध पाहून वऱ्हाडी माणसाला तूर, हरभरा, मूग सारेंच वर्ज्य सांगितलें, तर त्याच्या भाकरीजवळचें पौष्टिक अन्नच काढून घेतल्यासारखें होईल.

उलटपक्षीं भीति अगदींच खोटी नाहीं. मुंबईचे डॉ. निफाडकर व सहकारी यांनीं १९९७ सालीं हरभऱ्यामुळें जिवावर बेतणाऱ्या प्रतिक्रियेची नोंद प्रसिद्ध केली. परदेशी तयार अर्क दूध, अंडीं, भुईमूग यांचे सहज मिळतात. आंबाडीची भाजी किंवा जवसाची चटणी यांचे कोठून मिळणार? म्हणून सुई आधीं ताज्या पदार्थांत व मग कातडींत टोचण्याची पद्धतहि वापरतात. संशय उरलाच, तर रुग्णालयांत, औषधें हाताशीं ठेवून, तो पदार्थ चिमटीचिमटीनें खावयास देतात. त्या परीक्षेंतहि ज्याला हरभरा बाधला, त्यानें झुणका तर सोडावाच; पण कढीला बेसन लावलें आहे काय, हेंहि पंगतींत बसण्यापूर्वीं विचारावें.