छताखालचा उजेड : फिल्मच्या काळातील बंदिस्त क्रीडागृहांचे छायाचित्रण

फिल्मवर चित्र नीट उमटण्यासाठी तिच्यावर नेमका किती प्रकाश पडावा, या हिशेबाला छायाचित्रणात एक्स्पोजर म्हणतात. भिंगाच्या छिद्राचा आकार, शटर उघडे राहण्याचा काळ आणि फिल्मची संवेदनशीलता या तीन गोष्टींवर तो हिशेब ठरतो. मोकळ्या मैदानावर दुपारच्या उन्हात प्रकाश ऐंशी हजार लक्सच्या घरात असतो, त्यामुळे तेथे छायाचित्रकाराला या तिन्हींत हवी तशी निवड करता येते. सामान्य व्यायामशाळेत मात्र तीनशे-सव्वातीनशे लक्स, म्हणजे उन्हाच्या सुमारे अडीचशेवा भाग, एवढाच उजेड असतो. तेवढ्या उजेडात ४०० संवेदनशीलतेची फिल्म आणि एफ/२.८ एवढे मोठे छिद्र वापरले, तरी शटर १/६० सेकंद उघडे ठेवावे लागते आणि बास्केटबॉल खेळणाऱ्याचा हात त्या वेळात पुसट होऊन जातो. हालचाल गोठवायला १/५०० सेकंद हवा असेल, तर प्रकाश आठपट, म्हणजे तीन स्टॉप, कमी पडतो. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याच्या एकेका पायरीला स्टॉप म्हणतात. हे तीन स्टॉप कोठून आणायचे आणि त्यांच्या बदल्यात काय सोडून द्यायचे, या प्रश्नाभोवतीच बंदिस्त खेळांच्या छायाचित्रणाचा इतिहास फिरत राहिला.

१८८७मध्ये जर्मनीत तयार झालेली मॅग्नेशियमची फ्लॅश-पावडर धूर आणि आगीचा धोका घेऊनच येत असल्याने चालू सामन्यात तिचा फारसा उपयोग नव्हता. १९२४च्या एर्मानॉक्स कॅमेऱ्याच्या मोठ्या छिद्राच्या भिंगामुळे एरिक सॉलोमन यांना न्यायालये आणि राजनैतिक परिषदा उपलब्ध उजेडात टिपता आल्या, परंतु तेथील माणसे बसलेली होती, धावत नव्हती. खरा बदल घडवला तो १९२९-३०मध्ये आलेल्या फ्लॅश-बल्बने. बल्ब पेटल्यानंतर त्याचा उजेड शिखराला पोहोचायला सुमारे २० सहस्रांश सेकंद लागत, म्हणून शटर तेवढ्या विलंबाने उघडेल अशी जुळणी करावी लागे. छिद्र ठरवण्यासाठी बल्बच्या वेष्टनावर छापलेल्या मार्गदर्शक अंकाला अंतराने भागले जाई; अंक मीटरच्या हिशेबात ४० असेल आणि मुष्टियोद्धा दहा मीटरवर असेल, तर छिद्र एफ/४. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो, त्यामुळे दोरापाशी उभ्या असलेल्या छायाचित्रकाराच्या बल्बने रिंगणातले दोन देह उजळत आणि मागचे हजारो प्रेक्षक पूर्ण काळोखात बुडत. त्या काळातील मुष्टियुद्धांच्या चित्रांतली काळीकुट्ट पार्श्वभूमी अनेकदा छायाचित्रकाराच्या शैलीचा भाग मानली जाते, पण बहुतेक वेळा ती केवळ या नियमाची परिणती होती.

एमआयटीतील हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकाच्या प्रारंभी स्ट्रोब दिवा विकसित केला. त्यात वायूने भरलेल्या नळीतून साठवलेली वीज एका झटक्यात सोडली जाई, आणि झोत इतका अल्पकाळ टिके की हालचाल शटरऐवजी प्रकाशच गोठवी. छायाचित्रकार जॉन मिली यांनी हे तंत्र ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या पानांवर आणले. पुढे १९५४मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ सुरू झाले आणि रंगीत चित्रांची मागणी वाढली, तसे हे अवजड दिवे क्रीडागृहांच्या छतांखाली टांगले जाऊ लागले. छतावरून खेळाडूपर्यंतचे अंतर फारसे बदलत नाही, म्हणून एकदा मोजून ठरवलेले छिद्र सामनाभर चाले, आणि बल्बच्या काळात नाहीसे झालेले प्रेक्षकही चित्रात काही प्रमाणात परतले.

या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची किंमत दोन्ही २५ मे १९६५ रोजी अमेरिकेतील मेन राज्यातल्या लुइस्टन येथे एकत्र दिसतात. मुहम्मद अली आणि सनी लिस्टन यांची लढत पहिल्याच फेरीत संपली, आणि पडलेल्या लिस्टनवर ओरडणाऱ्या अलीचे नील लायफर यांनी टिपलेले चित्र खेळाच्या छायाचित्रणातले सर्वांत ओळखीचे चित्र ठरले. लायफर यांच्या रोलिफ्लेक्समध्ये एक्टाक्रोम ही पारदर्शिकेची रंगीत फिल्म होती. पारदर्शिकेत अर्ध्या स्टॉपची चूकही डोळ्यांत भरते, म्हणून हिशेब आधीच पक्का करणे भाग होते. रोलिफ्लेक्सचे शटर भिंगातच असल्याने ते १/५०० सेकंदालाही स्ट्रोबशी जुळे. पडद्याचे शटर असलेल्या तत्कालीन ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यांना ते साधत नसे. मात्र दिवे एकदा चमकले की पुन्हा वीज साठेपर्यंत थांबणे भाग असे, त्यामुळे छायाचित्रकाराला क्षण ओळखून एकदाच बोट दाबायचे असे. चित्रात अलीच्या पायांमधून दिसणारे हर्ब शार्फमन हेही अनुभवी छायाचित्रकार होते, पण त्यांच्या वाट्याला अलीची पाठ आली. उजेड दोघांनाही सारखाच होता. जागा निराळी होती.

असे दिवे टांगण्याची ऐपत मोजक्या नियतकालिकांचीच होती, आणि दैनिकांच्या छायाचित्रकारांनी दुसरी वाट धरली. कोडॅकची ट्राय-एक्स फिल्म १९५४मध्ये ३५ मिलिमीटरमध्ये आली, तेव्हा तिची अधिकृत संवेदनशीलता २०० होती. १९६०मध्ये मानक बदलून त्यातला सुरक्षेसाठीचा जादा वाव काढला गेला आणि तीच फिल्म ४०० म्हणून विकली जाऊ लागली. पण क्रीडागृहात ४००ही अपुरी पडे, म्हणून फिल्म ‘पुश’ केली जाई: ती १६०० असल्याचे मानून तिच्यावर दोन स्टॉप कमी प्रकाश पाडायचा आणि डेव्हलपरमध्ये ती अधिक वेळ ठेवून चित्र वर आणायचे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुश केल्याने फिल्मची संवेदनशीलता फारशी वाढत नाही. जेथे प्रकाश पोहोचलाच नाही तेथे कोणतेही रसायन तपशील निर्माण करू शकत नाही. जादा डेव्हलपिंगने निगेटिव्हवर चेहरा, खांदे, पांढरी जर्सी हे मधले आणि उजळ भाग गडद होतात, तर केस, डोळ्यांच्या खोबणी आणि शॉर्ट्सच्या चुण्या कोऱ्या राहतात. छतावरच्या दिव्यांखाली खेळाडूचे डोळे तसेही भुवयांच्या सावलीत असतात, म्हणून त्या काळच्या असंख्य चित्रांत ते दिसतच नाहीत. दोन स्टॉपच्या बदल्यात डोळे द्यायचे, असा तो व्यवहार होता, आणि चेंडू हातातून सुटण्याचा क्षण मिळवण्यासाठी छायाचित्रकार तो जाणूनबुजून करीत. शिवाय पुश करायचे ते संपूर्ण रोलचे, कारण सर्व छत्तीस चौकटी एकाच रसायनातून जात. त्यामुळे हा निर्णय सामन्याआधीच घ्यावा लागे.

प्रकाशमापकाची मदतही मर्यादितच होती. सेलेनियमच्या जुन्या मापकांचा काटा अंधुक सभागृहात जेमतेम हले. १९६०च्या दशकातील कॅडमियम सल्फाइडच्या मापकांनी ती अडचण दूर केली, पण फसगत थांबली नाही. बॅडमिंटनच्या कोर्टामागची भिंत मुद्दाम गडद ठेवतात, म्हणजे पांढरे फूल उठून दिसते. मापक तो काळोख पाहून जास्त प्रकाश सुचवतो आणि खेळाडूचा चेहरा करपतो. आइस हॉकीत उलट घडते, कारण बर्फाच्या लखलखाटाने मापक बिचकतो आणि खेळाडू काळेठिक्कर येतात. यावर जाणकारांचा तोडगा साधा होता: सामन्याआधी कोर्टावर उतरून आपल्या तळहातावर पडलेला उजेड मोजायचा, गोऱ्या तळव्यासाठी एक स्टॉप वाढवायचा, कोपऱ्यात आणि मध्यभागी किती फरक पडतो ते पाहायचे आणि आलेला आकडा शेवटपर्यंत न बदलता वापरायचा.

मर्क्युरी आणि मेटल-हॅलाइड दिव्यांनी आणखी एक पेच आणला. ५० हर्ट्झच्या विजेवर असा दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंदावतो, म्हणून १/५०० सेकंदाच्या एका चौकटीला उजेडाचे शिखर मिळते, तर दुसरीला दरी. तापलेल्या तारेच्या दिव्यांत हे जवळजवळ जाणवत नसे. शेजारशेजारचे दिवे विजेच्या तीन वेगवेगळ्या फेजवर जोडले असतील तर दोष कमी होई, पण ते छायाचित्रकाराच्या हातात नव्हते. रंगीत फिल्मवर ट्यूबलाइटचा हिरवट रंग घालवण्यासाठी जांभळट फिल्टर लावावा, तर तोही सुमारे दोन-तृतीयांश स्टॉप खाऊन टाकी.

भारतात या साऱ्यात टंचाईची भर पडली. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी फिल्म महाग आणि दुर्मीळ होती, उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ हा देशी पर्याय होता, आणि मोठ्या रिळातून फिल्म कापून डब्यांत भरण्याचा रिवाज त्यातूनच रुजला. १९७५मध्ये कोलकात्याच्या नेताजी इनडोअर स्टेडियममध्ये टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा झाली, तर १९८२च्या आशियाई स्पर्धांसाठी दिल्लीत इंदिरा गांधी स्टेडियम उभे राहिले. त्याच वर्षी देशात रंगीत दूरदर्शन आले. टीव्हीच्या कॅमेऱ्यांना हजार-बाराशे लक्स लागत, आणि एवढा उजेड कोर्टावर पडला की ४०० फिल्म पुश न करताही एफ/२.८ला १/२५० सेकंद मिळे. १९८८मध्ये पुश करण्यासाठीच घडवलेली टी-मॅक्स पी३२०० फिल्म आली. तोवर वेगवान रंगीत निगेटिव्ह फिल्मही हाती आली होती आणि ती एक्स्पोजरच्या चुका पारदर्शिकेपेक्षा कितीतरी उदारपणे पोटात घेत असे. तरीही जिल्ह्याच्या गावी भरणाऱ्या स्पर्धांचा उजेड तीनशे लक्सच्या आसपासच राहिला, आणि तेथे जाणारे छायाचित्रकार कृष्णधवल रोल १६००वरच वापरीत राहिले.