साक्षीदार एकमेकांशी बोलतात तेव्हा

आपला इतिहास कागदावर कमी आणि माणसांच्या बोलण्यात जास्त आहे, असे मी वर्गात नेहमी सांगतो. या वाक्यातली अडचण मला माझ्याच वहीत सापडली.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि खेड्याखेड्यांतून आपल्या वस्त्या जळू लागल्या. माझ्या आजोळची वस्तीही त्यांत होती. घरातला पहिला पदवीधर मी; तेव्हा हे लिहून काढण्याचे काम आपसूकच माझ्याकडे आले. थोरली मावशी त्या वेळी बारा वर्षांची होती. पहिल्या भेटीत ती म्हणाली, "मायनं माझं तोंड दाबून धरलं व्हतं. ज्वारीत पालथं पडलो. धूर दिसला, माणसं न्हाई दिसली."

आठ महिन्यांनी पुन्हा गेलो. आता मावशीला मशाल धरलेला माणूस दिसत होता. त्याचा पिवळा फेटासुद्धा. मी हरखून गेलो. लेखात हाच मजकूर घालणार होतो. मग जुनी वही उघडली. मधल्या काळात १४ जानेवारीला वस्तीत नामविस्तार दिनाची सभा झाली होती आणि शेजारच्या आजींनी तिथे पिवळ्या फेट्याची हकिकत सांगितली होती. आजी त्या रात्री गोठ्याआड लपल्या होत्या. त्यांनी फेटा पाहिलेला असू शकतो. मावशीने तो ऐकला होता. तरीही मावशी खोटे बोलत नव्हती, हे मी कोणत्याही न्यायालयात सांगेन. तिला तो खरोखरच दिसत होता.

याचा शास्त्रशुद्ध अभ्यास झालेला आहे. स्कॉटलंडमधील संशोधकांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. एकच प्रसंग दोन वेगवेगळ्या कोनांतून चित्रित करून जोडीतल्या दोघांना वेगवेगळी फीत दाखवली. आपण एकच फीत पाहिली, अशी दोघांची समजूत. फितीतली मुलगी पाकिटातून पैसे काढते, ते एकालाच दिसणार. नंतर त्यांना आपसांत बोलू दिले. बोललेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी पुढे एकेकट्याने आठवताना, आपल्या फितीत नसलेली निदान एक तरी गोष्ट पाहिल्याचे सांगितले.

प्रयोगशाळेबाहेरचे उदाहरण अमेरिकेतले आहे. १९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा शहरात ट्रकमधल्या बॉम्बने १६८ माणसे मेली. ट्रक दोन दिवस आधी कॅन्सस राज्यातल्या एका दुकानातून भाड्याने नेलेला. तो नेणाऱ्या टिमथी मॅकव्हेला तिघांनी पाहिले होते. त्यांतल्या एकाने ठामपणे सांगितले, बरोबर दुसराही माणूस होता. बाकीच्या दोघांना आधी त्याचे वर्णन करता येईना. पुढे त्यांनाही तो आठवू लागला. देशभर त्याचा शोध झाला. अखेर तपासयंत्रणेने मानले की पहिल्या साक्षीदाराच्या डोळ्यांपुढे होता तो दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात आलेला एक निरपराध सैनिक. एकाची खात्री दोघांची आठवण झाली असावी, असे या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचे म्हणणे आहे.

आता आपल्याकडे पाहा. वस्ती जळाल्यावर माणसे कुठे जातात? सगळी एकाच शाळेत, एकाच देवडीत, एकाच नातेवाइकाच्या अंगणात. रात्रभर बोलणार नाहीत तर काय करतील? बोलणे हाच त्यांचा आधार. जबाब घेणारा येतो तो दिवस उलटल्यावर. मग बचावाचा वकील उभा राहून विचारतो, हे सगळे एकाच शब्दांत कसे बोलतात? शिकवलेले साक्षीदार! उशीर केला कुणी, हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. आणि एक विसरू नये: गावही बोलत असते. "त्या दिवशी इथं काहीच झालं नाही, चार पोरांनी गडबड केली," हे वाक्य मी वरच्या आळीत पाच जणांकडून अक्षरशः सारखे ऐकले. ती आठवण पारावर घडली आहे. तिच्यावर मात्र शिकवल्याचा शिक्का बसत नाही.

म्हणून वस्तीतल्या आठवणी टाकाऊ ठरवायच्या काय? मुळीच नाही. ज्वारीत पालथे पडणे, धूर आणि आईचा तोंडावरचा हात या गोष्टी मावशीच्या दोन्ही सांगण्यांत जशाच्या तशा आहेत. आग लागली ती पिकाच्या बाजूने, हे तिघींनी मला वेगवेगळ्या घरांत, सभेच्या आधी सांगितले होते. माझ्या लेखी ते पक्के. फेटा मी आजींच्या नावावर लिहिला.

हल्ली मी एकेकाला वेगळे गाठतो. मधेच "तमका तर असं म्हणाला" असे सुचवत नाही. पूर्वी सर्रास सुचवत असे, त्यामुळे माझ्या पहिल्या दोन वह्यांचा मला भरवसा नाही. सांगणाऱ्याने हे कुणाकुणाबरोबर, कोणत्या सभेत सांगितले-ऐकले, तेही तारखेसह टिपतो. विद्यार्थ्यांना गावी पाठवताना एवढेच बजावतो की गटात बसवून विचारू नका. गट नंतर बसवा.

मावशीला मी दोन्ही वह्या वाचून दाखवल्या. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "फेट्याचं ऱ्हाऊ दे. धुराचं लिव्ह." गोठ्याआडच्या आजींकडे पुढच्या रविवारी जायचे आहे, एकट्याने.